मोबाइलमधली बाई आणि आमचे मास्तर

मी गाडी शिकले ती एका ओरडणाऱ्या माणसाकडून. काळाचौकीत त्यांचं मोटर ट्रेनिंग स्कूल होतं. स्कूल म्हणजे चाळीच्या तळमजल्यावरची एक खोली, तीत एक टेबल, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा पिवळा पडलेला तक्ता, आणि बाहेर दोन क्लच नि दोन ब्रेकांची एक पांढरी गाडी. आता त्या खोलीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. मास्तरांना हे आवडलं नसणार.

त्यांना सगळे मास्तरच म्हणायचे. नाव बोर्डावर होतं, पण ते घेऊन कुणी हाक मारलेली मी ऐकली नाही. उंची बेताची, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, वरच्या खिशात कंगवा. शिकवायला बसले की चपला काढून सीटखाली सरकवायचे आणि आपल्या बाजूच्या ब्रेकवर अनवाणी पाय ठेवायचे. सत्तरीला आलेला माणूस, पण तो पाय विशीतला होता. आपल्याला खड्डा दिसायच्या आधी त्या पायाला दिसायचा.

चाळिशी उलटल्यावर मी त्यांच्याकडे गेले. वरळीला ऑफिस, राहायला परळ, आणि टॅक्सीवाल्यांची मनधरणी करून कंटाळलेली. पहिल्या दिवशी त्यांनी मला स्टिअरिंगला हातसुद्धा लावू दिला नाही. स्वतः गाडी चालवत कॉटन ग्रीनच्या गोदामांपाशी नेली, बाजूला लावली आणि म्हणाले, "मॅडम, उतरा. कुणालातरी विचारा, लालबागला कसं जायचं."

"अहो, मला माहीत आहे. मी परळची आहे."

"माहीत आहे म्हणूनच विचारा. सांगणारा चुकला तर कळेल तरी."

पानाच्या ठेल्यापाशी एकजण निवांत उभा होता. त्याला विचारलं. त्यानं मला अतिशय आत्मविश्वासानं शिवडीकडे पाठवलं. परत येऊन सांगितल्यावर मास्तर खूश झाले.

"त्याचे हात कुठं होते?"

"खिशात."

"झालं तर. खिशात हात घातलेल्याला कधी विचारायचं नाही. तो वेळ काढायला उभा असतो. ज्याच्या हातात पिशवी त्याला विचारायचं. पिशवीवाला घरी चाललेला असतो, म्हणजे इथलाच. आणि एकट्यावर थांबायचं नाही. तिघांना विचारायचं. पहिला चुकीचं सांगतो, दुसरा पहिल्याला वेड्यात काढतो, तिसऱ्याला खरंच माहीत असतं."

"मग सरळ तिसऱ्यालाच विचारावं."

मास्तरांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की पुढचे सहा आठवडे मी विनोद केला नाही.

रस्ता विचारायची ज्याला लाज वाटते त्यानं गाडी चालवू नये, असं त्यांचं ठाम मत होतं. अडचण एवढीच होती की ते स्वतः रस्ता सांगायचे तो आता नसलेल्या मुंबईतला. "गिरणीच्या गेटाला डावीकडं घे." गेट कुठं? तिथं चाळीस मजल्यांची काच उभी. "खाणावळीपाशी हळू कर." तिथं दातांचा दवाखाना. मी नव्या मुंबईत गाडी चालवायची आणि मास्तर शेजारी बसून जुन्या मुंबईत. दोघांची गाडी एकच असल्यामुळे फार गोंधळ व्हायचा.

आणि गोंधळ झाला की राग. मास्तरांचा राग हा अभ्यासक्रमातलाच एक विषय होता. सुरुवात साध्या मराठीत व्हायची, दुसऱ्या चुकीला 'मॅडम'ची 'बाय' व्हायची आणि तिसऱ्या चुकीला ते मालवणीत शिरायचे. लालबागच्या सिग्नलला एकदा माझी गाडी बंद पडली. मागे बस, तिच्यामागे टेम्पो, सगळे हॉर्नवर. मास्तर त्या सगळ्यांच्या वरताण ओरडले, "क्लच सोडलंस कित्याक? मागसून कोण पळवता हा तुका?" फुटपाथवर वडा खाणारी माणसं वडा तोंडापाशी धरून थांबली. मी घरी येऊन रडले. दुसऱ्या दिवशी डॅशबोर्डवर कागदाची पुडी होती, आत मालवणी खाजा.

"खा. काल तोंड कडू झालं असेल."

तेवढीच माफी. पण सिग्नलला गाडी पुन्हा कधी बंद पडली नाही.

माझा नवरा विनय हाही तीन दिवस त्यांचा विद्यार्थी होता. चौथ्या दिवशी मास्तरांनी त्याला हात जोडले. "साहेब, तुम्ही मागं बसा. मागं बसायलापण माणसं लागतात." विनयनं ते मनाला लावून घेतलं नाही. त्याला मुळात गाडीपेक्षा मोबाइलचं प्रेम. घरातून खाली दूध आणायला गेला तरी किती पावलं झाली ते तो मोबाइलला विचारतो.

तर आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होणार म्हणून विनयनं आयर्लंडची सहल ठरवली. टूर कंपनीबरोबर नाही, आपली आपण, भाड्याची गाडी घेऊन. तिकडेही आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, हे त्यानं मला दहा वेळा सांगितलं. चालवणार अर्थात मी. मला धास्ती वाटली, म्हणून मी ऑगस्टमध्ये चार रविवार उजळणीसाठी पुन्हा मास्तरांकडे गेले. कुठं जाताय, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. मास्तर कंगवा काढून केस विंचरायला लागले. गप्प बसायचं असलं की ते असंच करायचे.

"आमची वैशू तिथंच असते," कंगवा खिशात ठेवत म्हणाले. "नर्स आहे."

त्यांना मुलगी आहे हे मला तेव्हा कळलं. बायको काही वर्षांपूर्वी गेली, एवढंच माहीत होतं. मग त्यांनी मोबाइल काढून तिनं पाठवलेले फोटो दाखवले. घराच्या मागे समुद्र, समुद्रात बुडणारा सूर्य. असे पंधरा-वीस सूर्य होते.

आठवड्याभरात त्या वैशालीचाच मला फोन आला. "ताई, बाबांच्या बोलण्यात तुमच्या सहलीचं आलं, तेव्हा तुमचा नंबर त्यांच्याकडूनच काढून घेतला. त्यांना तुमच्याबरोबर घेऊन या ना. मी तीनदा तिकीट काढलं. एकदा त्यांची कंबर दुखली, एकदा गणपती आले, एकदा गाडीचं पासिंग निघालं. व्हिसा अजून आहे. या वेळी तुम्ही हात धरून विमानात बसवा."

मी मास्तरांना विचारलं. तिसऱ्या माणसादेखत कंबर दुखवता येईना, म्हणून ते हो म्हणाले.

ठरलं असं, की आम्ही डब्लिनला उतरायचं, गाडी घ्यायची, आधी मास्तरांना वैशालीकडे पोचवायचं, तिच्या आग्रहाखातर तिथं तीन दिवस राहायचं आणि मग आम्ही दोघं पुढे. मास्तर तिच्याकडे महिनाभर.

पण त्याआधी वाद झाला तो रस्त्याचा. मोबाइलवर नकाशा लावून जायचं, हे विनयला इतकं उघड वाटत होतं की त्यात बोलण्यासारखं काही आहे हेच त्याला माहीत नव्हतं. मास्तर म्हणाले, बघू तुमची ती मोबाइलमधली बाई. उजळणीच्या शेवटच्या दिवशी विनय मागे बसला आणि त्यानं डेमो दिला. कॉटन ग्रीनहून लालबाग. बाईनं सुंदर आवाजात सुरुवात केली, दोन वळणं बरोबर सांगितली आणि तिसऱ्या वळणाला आम्हाला थेट एका गणपतीच्या मांडवात नेलं. समोर बांबू, ताडपत्री आणि शिडीवर चढलेली दोन माणसं.

"बाईला आमंत्रण पोचलं नाही वाटतं," मास्तर म्हणाले.

"अहो, मांडव कालच बांधायला घेतलाय," विनय म्हणाला. "तिला कसं कळणार?"

"पिशवीवाल्याला कळलं असतं."

मी गाडी मागे घेत होते आणि बाई शांतपणे सांगत होती की सरळ जा. मास्तर कान देऊन ऐकत होते. मग त्यांनी जो आक्षेप घेतला तो मला अपेक्षित नव्हता.

"हिला राग कसा येत नाही?"

"मशीन आहे ते, मास्तर."

"तेच. माणूस चुकला तरी तोच आवाज, बरोबर गेला तरी तोच. मग त्याला चूक कळायची कशी? मास्तराला राग आलाच पाहिजे. राग आला नाही तर शिकणारा शिकत नाही." हे बोलून ते पुन्हा केस विंचरायला लागले.

सप्टेंबरच्या शेवटी, गणपती झाल्यावर आम्ही निघालो. डब्लिनला सकाळी उतरलो. मास्तरांना बरं वाटावं म्हणून विनयनं बाईला मराठीत बोलायला लावलं होतं. विमानतळाच्या बाहेरच्या पहिल्याच गोल चौकात ती म्हणाली, "तिसऱ्या निर्गमनाने बाहेर पडा."

"निर्गमन?" मास्तर दचकले. "कोण गेलं?"

विनयनं वैशालीचा पत्ता मागितला. मास्तरांनी गावाचं नाव सांगितलं. ते नाव मी इथं लिहीत नाही, कारण मला ते अजून नीट म्हणता येत नाही. त्या देशात प्रत्येक दुसऱ्या गावाचं नाव 'बॅली'नं सुरू होतं आणि पुढे घशात काहीतरी होतं. विनयनं ते टाकलं. मोबाइलवर त्या नावाची दोन गावं आली.

"समुद्राजवळ आहे ना मास्तर?"

"अगदी लागून."

"दोन्ही समुद्राजवळच आहेत. हे जवळचं, दोन तासांवर. की ते लांबचं?"

मास्तरांनी चष्मा लावून मोबाइलकडे पाहिलं. "हेच," ते म्हणाले. "जवळचं."

मी चालवत होते, मास्तर शेजारी. त्यांच्या बाजूला ब्रेक नव्हता, तरी चपला काढलेल्या होत्याच. पण त्या दिवशी ते ओरडले नाहीत. उलट दर वीस मिनिटांनी थांबायचं म्हणायचे. इथं चहा चांगला मिळत असेल. ते देऊळ बघू, म्हणजे चर्च. तिथं एकजण पिशवी घेऊन चाललाय, त्याला विचारू. विनय म्हणायचा, विचारायचं काय त्यात, बाई सांगतेय ना. मास्तर म्हणायचे, बाईच्या भरवशावर मांडवात गेलो होतो. दोन तासांच्या रस्त्याला आम्ही साडेचार तास लावले.

एक वाजता गावात पोचलो. बाई म्हणाली, "तुम्ही तुमच्या इच्छित स्थळी पोहोचला आहात." समोर एक दुकान, एक दारूचा गुत्ता आणि भिंतीवर बसलेलं मांजर. घर कुठलं ते माहीत नव्हतं, म्हणून मास्तर उतरले. समोरून लाल गालांची एक म्हातारी भाजीची पिशवी घेऊन येत होती. मास्तरांनी तिला अडवून एकदा "डॉटर" म्हटलं, एकदा "नर्स" म्हटलं आणि एकदा गावाचं नाव. म्हातारी बोलायला लागली. ती पाच मिनिटं बोलली आणि विनयला, जो दिवसभर इंग्रजीत मीटिंगा घेतो, त्यातला एक शब्द कळला नाही. मास्तर मान डोलावत होते.

"दोन गावं आहेत म्हणते या नावाची," ते येऊन म्हणाले. "एक हे. दुसरं पार त्या टोकाला. वैशू तिकडची असणार."

"तुम्हाला कसं समजलं?"

"हात बघायचे. तोंडाकडं कशाला बघता? रस्ता हातात असतो."

मला त्यांचं इतकं कौतुक वाटलं की मी विनयकडे विजयानं पाहिलं. म्हातारीनं आम्हाला घरी चहाला नेलं. मास्तर तिच्या स्वयंपाकघरात आरामात बसले, बशीत चहा ओतून पिऊ लागले आणि म्हातारीनंही त्यांचं बघून बशीत ओतला. उठायचं नाव कुणी घेईना.

मी हवा खायला बाहेर आले. तिच्या अंगणातून समुद्र दिसत होता. समुद्राकडे तोंड करून उभी राहिले तर ऊन माझ्या पाठीवर येत होतं. दुपार कलत होती. मला ते फोटो आठवले, पंधरा-वीस सूर्य, सगळे समुद्रात बुडणारे. इथल्या समुद्रात सूर्य बुडणं शक्यच नव्हतं. हा पूर्वेचा किनारा होता. आणि ऊन कुठून येतं बघून दिशा ओळखायला मला शिकवलं होतं ते मास्तरांनीच.

तेवढ्यात वैशालीचा फोन. "ताई, कुठवर आलात? काही अडचण नाही ना? इथं प्रत्येक घराला वेगळा कोड असतो, तो टाकला की मोबाइल थेट दारात आणून सोडतो. मी बाबांना पंधरा दिवसांपूर्वीच पाठवलाय. त्यांनी दिला ना?"

मी खिडकीतून आत पाहिलं. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं आणि बशी खाली ठेवली.

"थोडा उशीर होईल," मी तिला म्हटलं. "पण येतोय."

मास्तर आपणहून बाहेर आले. हातात कंगवा होता, पण विंचरला नाही.

"मास्तर, कोड तुमच्याकडे होता."

"होता."

"आणि दूरचं गाव आहे हेही माहीत होतं."

"होतं."

"मग?"

ते कुंपणाच्या दगडी भिंतीला टेकले. पलीकडे मेंढ्या चरत होत्या. त्यांच्याकडे बघत बोलले.

"मी तिला शिकवायला घेतली होती. अठरा पुरी झाली त्याच आठवड्यात. चौथ्या दिवशी कॉटन ग्रीनला हातगाडीला धक्का लागला. काही नाही, दोन गोणी पडल्या. पण मी भर रस्त्यात ओरडलो. तुला ओरडलो तसा नाही, बाय. पुष्कळ जास्त. माणसं जमली. तुझी गाडीत बसायचीपण लायकी नाही, असं म्हटलं मी. ती उतरली आणि चालत घरी गेली. त्यानंतर माझ्या गाडीत बसलीच नाही. आईला दवाखान्यात न्यायची तरी टॅक्सी बोलवायची. मग इकडं आली. इकडं पहिल्याच परीक्षेत लायसन काढलं. त्याचा फोटो पाठवला मला."

"तुम्ही काय लिहिलंत?"

"अंगठा पाठवला."

"नुसता?"

"अभिनंदन लिहिलं होतं. पुसलं." मग म्हणाले, "आता गेलो की ती मला स्वतःच्या गाडीत बसवणार. हौसेनं. आणि मी ओरडणार. माझ्या हातात नाही ते. मग तिचं नि माझं जे आहे तेवढंपण जाणार."

"तुम्ही मलाही ओरडलात. मी आलेच की दुसऱ्या दिवशी."

"तू परकी. परक्याचा राग घरी पोचेपर्यंत निवतो."

मी म्हटलं, "मग ओरडू नका. तीन दिवस आम्ही आहोतच. तोंड मिटून बसा." हा सल्ला किती वाईट होता ते पुढे कळलं.

मास्तरांनी मोबाइल माझ्या हातात दिला. विनयनं कोड टाकला तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. "म्हणजे सकाळपासून हा तुमच्या खिशात होता? आणि नावं बाईला ठेवत होतात?" मास्तर म्हणाले, "मी मागं बसू का?" आणि खरोखरच मागे जाऊन बसले. विनय त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या शेजारी बसला. बाईनं आम्हाला पुरा देश ओलांडून, एकही वळण न चुकता, रात्री आठच्या सुमारास एका निळ्या दाराच्या घरापाशी आणून सोडलं.

वैशाली फाटकात उभी होती. चाळिशीच्या आसपासची, मास्तरांसारखीच बेताच्या उंचीची. "आलात?" ती म्हणाली. "आलो," मास्तर म्हणाले. तिनं त्यांची बॅग घेतली. त्यांनी ती घेऊ दिली.

मग सुरू झालं ते विचित्रच. मास्तर गोड झाले. घर छान. हवा छान. अळणी सूप, तेही छान. वैशालीनं भाताचं पातेलं करपवलं तर म्हणाले, "खरपूस छान लागतो." दुसऱ्या दिवशी ती ड्यूटीवरून उशिरा आली, तर "कामाचं माणूस आहेस, चालायचंच." संध्याकाळी तिनं मला स्वयंपाकघरात ओढलं.

"ताई, बाबांना काय झालंय?"

"काही नाही, का?"

"इतक्यात डॉक्टरांकडे गेले होते? कसले रिपोर्ट बिपोर्ट? खरं सांगा. मी नर्स आहे."

मी काही नाही म्हटलं तरी तिला पटेना. तिनं जेवणाच्या टेबलावर त्यांचं बीपी घेतलं, बोटाला सुई टोचून साखर बघितली, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या. मास्तर "छान, छान" म्हणत बसून राहिले. सगळं ठीक निघालं, त्यामुळे ती आणखी घाबरली.

तिसऱ्या दिवशी तिची सुट्टी होती. तिनं आम्हाला समुद्रकाठचे कडे दाखवायला न्यायचं ठरवलं. तिची छोटी लाल गाडी. मास्तर पुढे, तिच्या शेजारी. विनय आणि मी मागे. तिचा मोबाइल समोर लावलेला, त्यावरची बाई इंग्रजी बोलणारी. मास्तरांनी पट्टा बांधला, दोन्ही हात मांड्यांवर ठेवले आणि समोर बघत बसले. फोटो काढून घ्यायला बसावं तसे.

वैशाली उत्तम चालवत होती. अरुंद रस्ते, दोन्ही बाजूंना दगडी भिंती, समोरून गाडी आली की मागे घेऊन जागा द्यायची. सफाईनं करत होती. मग पहिल्या फाट्याला ती इंडिकेटर न देता वळली. मास्तरांची बोटं मांडीत रुतली.

"छान," ते म्हणाले.

थोडं पुढे गेल्यावर तिनं चढावर चौथा गिअर टाकला. गाडी म्हाताऱ्या माणसासारखी खोकली. मास्तरांनी खिडकीबाहेर पाहिलं. एका फाटकापाशी तिनं क्लच असा सोडला की गाडी हिसका देऊन बंदच पडली.

"होतं कधी कधी," मास्तर म्हणाले. त्यांच्या मानेला घाम आला होता.

वैशालीनं आरशातून माझ्याकडे बघितलं आणि एक भुवई उचलली. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं. मी विनयच्या हाताला चिमटा काढला.

पुढे मोठा गोल चौक आला. बाईनं सांगितलं, थर्ड एक्झिट. वैशाली तिसरा फाटा सोडून पुढे गेली. पुन्हा वळसा. बाई म्हणाली, थर्ड एक्झिट. वैशाली पुन्हा पुढे. तिसरा वळसा सुरू झाला तेव्हा मास्तरांचे कान मागून लाल दिसत होते. बाईनं तितक्याच शांतपणे पुन्हा सांगितलं. वैशालीनं पुन्हा फाटा सोडला.

आणि मास्तर फुटले.

"अगो, ती बाई मघापासून घसो फोडून सांगता हा, तिसरो फाटो, तिसरो फाटो! कान खय ठेवलंस तुझे? आणि इंडिकेटर काय तुझो आजो देतलो? चढावर चौथो गिअर घालतंस! कोणी शिकवल्यान तुका?"

"मास्तर बाईच्या बाजूनं बोलले," विनय माझ्या कानात कुजबुजला.

वैशालीनं इंडिकेटर दिला, तिसऱ्या फाट्याला वळली, थोडं पुढे जाऊन गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. तिचे खांदे हलत होते. मास्तर पांढरे पडले. त्यांना वाटलं, झालं, पुन्हा तेच झालं. पण तिनं डोकं वर केलं तेव्हा ती हसत होती, आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं.

"दोन दिवस झाले, बाबा. मला वाटलं तुम्हाला काहीतरी मोठं दुखणं आहे आणि माझ्यापासून लपवताय. रात्रभर झोपले नाही मी. म्हणून म्हटलं बघूच, ओरडताय का."

मास्तरांनी समोरच्या रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "हातगाडीवाल्याची चूक होती."

वैशालीनं मान त्यांच्याकडे वळवली.

"त्या दिवशी. उलट्या बाजूनं आला होता तो. तू बरोबर होतीस. मी बघितलं होतं."

"मला माहीत आहे."

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

"ऐकलं असतंत?"

मास्तरांनी खरोखर विचार केला. घाईनं हो म्हणाले नाहीत.

"नसतं," ते म्हणाले.

वैशालीनं ओढणीनं डोळे पुसले, किल्ली फिरवली, पहिला गिअर टाकला. गाडी रस्त्यावर अर्धी आली, हिसका बसला आणि ती बंद पडली. या वेळी खरी.

नेमका मागून एक ट्रॅक्टर आला. रस्ता अडला होता. ट्रॅक्टरवाल्यानं एकदा हॉर्न वाजवला.

मी समोरच्या सीटची पाठ घट्ट धरली. मास्तरांनी काच खाली केली, मान आणि एक हात बाहेर काढला आणि त्या आयरिश शेतावरून पार समुद्रापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "रे ए! वाजवतंस कित्याक? गाडी बंद पडली हा, दिसना नाय तुका? पोरीक सावकाश चालू करूक दी!"

ट्रॅक्टरवाल्याला काय कळलं कोण जाणे. त्यानं स्टिअरिंगवरचं एक बोट वर केलं. तिकडे खेड्यांत ओळख देतात ती तशीच. मग त्यानं इंजिन बंद केलं, टोपी मागे सरकवली आणि हातांची घडी घालून वाट बघत बसला.

मास्तर आत वळले, त्यांनी काच वर केली.

"घे," ते वैशालीला म्हणाले. "तो थांबलाय."